हिरव्या खुणा

माझ्या भाचीने, मॉर्व्हनने, विद्यापीठात मानसशास्त्र आणि हिशेबशास्त्र एकत्र घ्यायचं ठरवलं, तेव्हा आमच्या घरात सगळ्यांनाच तोंड फुटलं. माझा भाऊ म्हणाला, दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. वहिनीला वाटलं, पोरीला काय करायचं तेच कळत नाहीये. मी स्कॉटलंडमधल्या डंडीत गेली तीस वर्षं ऑडिटचं ऑफिस चालवते, त्यामुळे हिशेब आणि अर्थव्यवहार हा भाग मला पसंत होता. मानसशास्त्राबद्दल मात्र माझं मत फार बरं नव्हतं. दुसऱ्याच्या डोक्यात डोकावायचा चोंबडेपणा माणूस फुकटातही करतो, त्याला चार वर्षं कशाला हवीत, असं मी रविवारच्या जेवणात सगळ्यांदेखत म्हणाले होते.

मॉर्व्हनने ते हसण्यावारी नेलं. पोर लहानपणापासून तशीच आहे. तिला चिडवायला जावं तर आपणच चिडून परत येतो.

विद्यापीठात हिशेबाची इमारत टेकडीच्या पायथ्याशी आणि मानसशास्त्राची वर. मॉर्व्हन तीन वर्षं त्या दोन इमारतींमध्ये धावत होती. रविवारी जेवायला यायची ती बोलतच यायची, आणि कोट काढायच्या आधी काहीतरी सांगून मोकळी व्हायची. एकदा म्हणाली, "आत्या, खालच्या इमारतीत दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर मास्तरांचा जीव कासावीस होतो. वरच्या इमारतीत दोन्ही बाजू तंतोतंत जुळल्या तर म्हणतात, काहीतरी लबाडी आहे, पुन्हा कर."

मी म्हणाले, मग तू कोणाचं ऐकतेस? ती म्हणाली, दोघांचं, म्हणून तर मजा येते. आणि बटाट्यांची वाटी पुढे ओढली.

शेवटच्या वर्षाच्या आधीच्या उन्हाळ्यात ती माझ्या ऑफिसात कामाला आली. आमच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. दुसऱ्याचे हिशेब तपासताना जो आकडा तपासून झाला, त्याच्या शेजारी हिरव्या पेनाने बरोबरची छोटी खूण करायची. हिरवं पेन फक्त तपासणाऱ्याचं, त्या कंपनीच्या माणसांनी ते हातातसुद्धा धरायचं नाही. हल्ली बहुतेक ठिकाणी हे सगळं संगणकावर गेलं, पण माझ्याकडे अजून कागद येतात आणि हिरवी पेनं खोक्याने लागतात. मी खुणा केलेले कागद माझा जुना सहकारी ड्युगल पुन्हा एकदा बघतो, आणि मग सही होते.

मॉर्व्हनने आपली खुर्ची ड्युगलच्या टेबलासमोर ओढून घेतली आणि हातातला चहा गार होईपर्यंत त्याच्याकडे टक लावून बसू लागली. असं बरेच दिवस चाललं. शेवटी मी म्हणाले, "अगं, त्याचं लग्न झालंय. नातवंडंसुद्धा आहेत." ड्युगल कानापर्यंत लाल झाला. मॉर्व्हन जागची हलली नाही.

मग एके दुपारी मी आत एका गिऱ्हाइकाशी फोनवर भांडत होते, तेव्हा तिने ड्युगलला हळूच काहीतरी विचारलं. तो डोकं खाजवत काहीतरी म्हणाला. पुढच्या क्षणी ही पोर कोट न घालता धाडधाड जिना उतरून रस्त्यावर. मी खिडकीतून पाहिलं, तर रिमझिम पावसात उभी राहून फोनवर बोलतेय आणि दुसरा हात असा हवेत फिरवतेय, की येणारी-जाणारी माणसं तिला वळसा घालून जातायत. वर आली तेव्हा गाल लालबुंद आणि डोळे चमकत होते.

मी विचारलं, काय झालं?

"प्रबंधाचा विषय मिळाला, आत्या."

"कसला?"

"ते नाही सांगता येणार. सांगितलं तर तू प्रयोगाला निकामी होशील. ड्युगलकाका झालेच आता निकामी, त्यांना घेताच येणार नाही."

तीस वर्षांत मला कोणी निकामी म्हटलेलं नव्हतं. मी फणकाऱ्याने आत निघून गेले. पण खरं सांगायचं तर तिच्या त्या चेहऱ्याने मला दिवसभर बरं वाटत राहिलं.

तो प्रबंध साधा नव्हता, तिचं सगळं पुढचं त्याच्यावर टांगलेलं होतं. आमच्याकडे मानसशास्त्रज्ञांच्या संस्थेचा नियम असा, की विद्यार्थ्याने स्वतः माणसांवर प्रयोग करून प्रबंध लिहिला असेल तरच ती मानसशास्त्राची पदवी म्हणून धरायची. दोन विषयवाल्यांची गोची इथेच होते. प्रबंध एकच, आणि तो कोणत्या तरी एका विभागाचा. हिशेबाचे लोक तिला म्हणाले, आमच्याकडे ये, ग्रंथालयात बसून निबंध लिही, पदवी खिशात. मॉर्व्हन अडून बसली, की प्रबंध दोन्ही विभागांचा मिळून होईल आणि त्यात प्रयोगही असेल. खालचे गेडी सर आणि वरच्या डॉक्टर केर्ड मॅडम असे दोन मार्गदर्शक तिने स्वतः पटवले. दोन्ही विभागप्रमुखांनी कुरकुरत सह्या केल्या, पण अट घातली. ईस्टरच्या सुट्टीआधी प्रयोग पुरा झाला पाहिजे. फसला तर हिशेबाचा निबंध लिहायचा, आणि मानसशास्त्राची वाट तिथेच संपली.

मला काय, निबंध चालला असता. तिने पदवी घ्यावी, माझ्या ऑफिसात यावं आणि एक दिवस दारावरच्या पाटीवर तिचं नाव माझ्या नावाखाली लागावं, ही माझी इच्छा होती. तिला मात्र माणसं पैशापुढे अशी का वागतात हे शोधण्यात जन्म घालवायचा होता. हे ती मला इतक्या आनंदाने सांगायची, की नाही म्हणायला माझी जीभ रेटायची नाही.

तिला प्रयोगासाठी मुरलेले हिशेबनीस हवे होते, पहिल्या वर्षाची पोरं चालणार नव्हती. ते काम माझ्या अंगावर आलं. या गावातल्या कोणत्या हिशेबनिसाची कोणती नस दाबायची, हे मला चांगलं ठाऊक आहे. कोणाला जुन्या मदतीची आठवण करून दिली, कोणाला सांगितलं की तुमचा शेजारी येतोय, तुम्ही जमत नाही म्हटलंत तरी चालेल. दुसऱ्या दिवशी त्याचा स्वतःहून फोन. आल्यागेल्याला चहा आणि गरम ब्रायडी मिळेल असंही मी परस्पर जाहीर केलं. खिमा भरलेल्या त्या करंजीसाठी आमच्याकडचा माणूस टे नदीचा पूल चालत ओलांडून येईल. मॉर्व्हन घाबरून म्हणाली, विद्यापीठाला विचारावं लागेल, खायला घालणं म्हणजे आमिष होतं. वरच्या इमारतीतली नैतिकतेची समिती बसली, आणि ब्रायडीला मंजुरी मिळाली.

मी स्वतःही बसले. एका छोट्या खोलीत टेबल, त्यावर एका मुरंब्याच्या कारखान्याचा वर्षअखेरचा शिल्लक मालाचा तक्ता. फळं, साखर, बरण्या, झाकणं, खोकी, वाहतूक. कारखाना खोटा, आकडे मॉर्व्हनने रचलेले. वर लिहिलं होतं, की या कागदात चूक असेलही किंवा नसेलही, जिथे शंका वाटेल तिथे वर्तुळ करा. मी मनात म्हटलं, हो का, चूक नसती तर तीस वर्षं मुरलेल्या बाईला टेकडी चढायला लावली असतीस का?

आणि चूक मला सापडली. साखर. एवढ्याशा कारखान्यात हंगाम संपल्यावर इतकी साखर शिल्लक? मागची शिल्लक, खरेदी, वापर, सगळं कागदावर दिलेलं होतं आणि वरवर जुळत होतं, पण असल्या जुळण्याला मी फसत नाही. मी साखरेच्या आकड्याभोवती वर्तुळ केलं आणि शेजारी लिहिलं, "उघड चूक. इतकी साखर कोणी ठेवत नाही." दोन रेघा ओढल्या. बाहेर येऊन ब्रायडी खाल्ली. आपसात बोलायचं नाही असा नियम होता, म्हणून मी ऑफिसात परतल्यावरही गप्प बसले, पण माझ्या गप्प बसण्यातही बराच रुबाब होता असं ड्युगल नंतर म्हणाला.

ईस्टर जवळ आला. एका दुपारी समुद्रावरून दाट धुकं गावात शिरलेलं, समोरची बेकरीसुद्धा दिसत नव्हती. जिन्यावर पावलं वाजली आणि मॉर्व्हन कागदांचं खोकं छातीशी धरून आत आली. केस ओले, श्वास लागलेला.

"आत्या, जमलं. इतकं जमलं की मला भीतीच वाटतेय."

आता सांगायला हरकत नव्हती, म्हणून तिने सांगितलं. तिने तक्ता एकच ठेवला होता, पण निम्म्या कागदांवर प्रत्येक आकड्याशेजारी हिरव्या खुणा छापल्या होत्या, जणू आधी कोणीतरी तपासून गेलंय. उरलेले कागद खुणांविना कोरे. झाकणांच्या ओळीत तिने मुद्दाम एक चूक पेरली होती, गुणाकारात दोन अंकांची अदलाबदल. हिरवी खूण दिसली की मुरलेला हिशेबनीससुद्धा बघायचं थांबवतो का, एवढाच प्रश्न. ड्युगलला तिने त्या दुपारी हेच विचारलं होतं, की आत्याने खूण केलेल्या आकड्यात तुम्ही काय बघता. बिचारा प्रामाणिक माणूस, विचार करून म्हणाला होता, खूण बघतो.

"आणि आता हे बघ," ती म्हणाली, आणि कागदांचे दोन गठ्ठे माझ्या टेबलावर आपटले. हिरव्या खुणांचा गठ्ठा जवळजवळ सगळा स्वच्छ, एखाददुसरं वर्तुळ काय ते. कोऱ्या गठ्ठ्यातल्या बहुतेक कागदांवर वर्तुळं. मला मानसशास्त्रातलं ओ की ठो कळत नाही, पण दोन गठ्ठे शेजारी ठेवल्यावर फरक आंधळ्यालाही दिसला असता. माझ्या अंगावर काटा आला. आमचा अख्खा धंदा त्या हिरव्या खुणांवर उभा आहे, आणि या पोरीने तो कुठे पोकळ आहे ते बोट ठेवून दाखवलं होतं.

मला दुसरा आनंदही होता, लपवत नाही. मी कोऱ्या गठ्ठ्यातली, म्हणजे चूक पकडणाऱ्यांपैकी; झाकणं निसटली असतील, पण साखरेची चूक पोरीच्या नकळत राहिलेली, असं मी धरून चालले होते. मी ड्युगलला बेकरीत पिटाळलं. तिघांनी उभ्या उभ्या खाल्लं, मॉर्व्हन तोंडात घास घेऊन बोलत होती, की केर्ड मॅडम तर उडीच मारतील, हे छापूनही येऊ शकतं. ड्युगलने तिला खुर्चीवर बसवून आधी घास गिळायला लावला.

मग आम्ही कोणी कोणत्या ओळीवर वर्तुळ केलं ते लिहून काढायला बसलो. मी वाचत होते, ती टिपत होती. बरण्या. खोकी. साखर. वाहतूक. पुन्हा साखर. फळं. बरण्या.

मॉर्व्हनचं पेन मंदावलं. "आत्या, झाकणं?"

मी गठ्ठा चाळला. झाकणांवर कोणाचंच वर्तुळ नव्हतं.

तिने एक कागद ओढून घेतला आणि झाकणांची ओळ गुणून पाहिली. मी शेजारी गुणली. दोघींचं उत्तर सारखं आलं, आणि तेच कागदावर छापलेलं होतं. झाकणं बरोबर होती. आम्ही सगळा तक्ता वरपासून खालपर्यंत तपासला. त्यात कुठेही, काहीही चूक नव्हती.

मॉर्व्हन पांढरी पडली. तिने गेडी सरांना फोन लावला आणि मलाही ऐकू यावं म्हणून मध्ये ठेवला. गेडी सर अतिशय सज्जन माणूस. खाणावळीच्या पाटीवरचं शुद्धलेखनसुद्धा खिशातलं पेन काढून दुरुस्त करतात. ते प्रेमाने म्हणाले, "हो हो, झाकणांच्या गुणाकारात तुझा हात घसरला होता. छापायला जाण्याआधी मी नीट करून टाकलं. आभार कशाला मानतेस."

"सर, तीच तर पेरलेली चूक होती."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "मला वाटलं, पेरलेली चूक साखरेत आहे."

मी फोनवर तोंड घालून त्यांना जे बोलायचं ते बोलून घेतलं. ते इथे लिहीत नाही. मॉर्व्हनने माझा हात धरला आणि म्हणाली, "आत्या, पुरे. त्यांनी तपासलेला कागद त्यांनी मला परत दिला होता. खाली त्यांची हिरवी खूण होती. मी ती बघितली आणि कागद तसाच छापखान्यात पाठवला. मीसुद्धा खूणच बघितली."

हे बोलून ती रडायला लागली. लहानपणानंतर मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. ड्युगल चहा करायच्या निमित्ताने बाहेर गेला तो आलाच नाही. नवी माणसं गोळा करायला वेळ नव्हता, आणि सगळ्या गावातले हिशेबनीस मी आधीच वापरून बसले होते. माझ्या मनात आलं, आता ही निबंध लिहील आणि माझ्याकडे येईल. हा विचार आला त्याची मला तिथल्या तिथे इतकी लाज वाटली, की मी उठून तिचा कोट आणला. म्हणाले, चल, त्या वरच्या बाईंना भेटू.

केर्ड मॅडमना मी पहिल्यांदाच बघत होते. ठेंगणी बाई, विणलेला स्वेटर, टेबलावर पुस्तकांचा ढीग आणि त्यात हरवलेला चष्मा. मॉर्व्हनने सगळं सांगितलं. मीही गेडींचा यथेच्छ उद्धार केला. मॅडम ऐकत होत्या, पण लक्ष त्यांचं त्या दोन गठ्ठ्यांकडे. मग त्यांनी विचारलं, "चूक अजिबातच नव्हती?"

"नव्हती," मॉर्व्हन म्हणाली.

"मग ही वर्तुळं कसली?"

मॉर्व्हनने वरचा कागद उचलून डोळ्यांपुढे धरला. मी तिच्याकडे बघत होते. त्या तोंडावरचं रडू कुठे गेलं ते मला कळलं नाही, पण उन्हाळ्यात रस्त्यावर फोन करून वर आली होती तेव्हाचा चेहरा हळूहळू परत आला.

"मॅडम," ती सावकाश म्हणाली, "खुणा होत्या तिथे त्यांनी काही शोधलं नाही. आणि खुणा नव्हत्या तिथे, जे नाहीच ते शोधून काढलं."

मॅडम उठल्या आणि त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. आता त्या दोघी एकदमच बोलू लागल्या, आणि एकीचं वाक्य दुसरी पुरं करू लागली. मॅडमनी स्पष्ट बजावलं, की आधीचा प्रश्न मेला, खूण चूक लपवते का हे या कागदांवरून कळणार नाही, तसा दावा केलास तर मीच तुला नापास करेन. पण सूचनेत चूक नसेलही असं लिहिलेलं आहे, तेव्हा नवा प्रश्न रास्त आहे. खूण नसली की माणूस चूक निर्माण करतो का? मॉर्व्हन खोलीत येरझाऱ्या घालत होती. म्हणत होती, हे जास्त भारी आहे, मॅडम, कारण हे कोणी पेरलेलंच नाही. मला त्यातलं निम्मंच समजत होतं, तरी माझेही पाय एका जागी ठरेनात.

जिना उतरताना मात्र माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी पकडणाऱ्यांपैकी नव्हतेच. नसलेली चूक शोधून तिच्याखाली दोन रेघा ओढणाऱ्यांपैकी होते. मी मॉर्व्हनला काही बोलले नाही. घरी जाऊन तो साखरेचा हिशेब पुन्हा पुन्हा मांडला, आणि तो दरवेळी बरोबरच आला.

तिने प्रबंधात काही लपवलं नाही. चूक कशी पेरली, कशी पुसली गेली, हिरवी खूण बघून ती स्वतः कशी फसली, सगळं पहिल्याच प्रकरणात. गेडी सरांनी आपल्या हाताने कबुली लिहून दिली आणि ती मागे जोडायला लावली. त्या दिवसापासून मी त्यांच्यावरचा राग सोडला, निदान अर्धा.

मे महिन्यात विद्यार्थ्यांनी आपापलं काम लोकांपुढे मांडायचा दिवस आला. प्रयोगात बसलेल्या सगळ्यांना बोलावलं होतं. दिवाणखान्यासारख्या त्या मोठ्या खोलीत गावातले ओळखीचे हिशेबनीस आपापले कोट मांडीवर घेऊन बसले होते, आणि आपण त्या मुरंब्याच्या कागदात काय केलं हे एव्हाना प्रत्येकाला कळलेलं असल्यामुळे कोणी कोणाकडे बघत नव्हतं. निकाल बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या टॉरन्स नावाच्या परीक्षकांच्या हातात होता. हिशेबाचे विभागप्रमुख त्यांच्या शेजारी बसून सारखे कानाला लागत होते. हा प्रयोग फसलेला आहे, पोरीला निबंध लिहू द्या, असं ते आधीपासून म्हणत होते.

मॉर्व्हन फार छान बोलली. हात हवेत फिरवत, मध्येच धापा टाकत, आपल्याच चुकीवर लोकांना हसवत. बोलणं संपल्यावर टॉरन्सनी चष्मा काढला. म्हणाले, काम प्रामाणिक आहे, पण एक भोक आहे. लोकांनी वर्तुळं केली ती निव्वळ भिडेपोटी केली नसतील कशावरून? बोलावलंय, खायला घातलंय, तर काहीतरी खूण करून जाऊ. तसं असेल तर त्यांना चूक दिसली असं म्हणता येत नाही, आणि प्रबंधात काही उरत नाही.

"त्यांना किती खात्री वाटत होती, हे तू विचारलंस का?"

मॉर्व्हनचा हात खाली आला. "नाही, सर. आधीच्या आखणीत त्याची गरज नव्हती. कागदांवर नावं नव्हती, त्यामुळे नंतर विचारता आलं नाही."

विभागप्रमुखांनी मान डोलावली. मॉर्व्हनने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझा कागद कोणता हे तिला नक्की ठाऊक होतं, माझं अक्षर ती पाळण्यात असल्यापासून ओळखते, पण नाव सांगायचं नाही हा तिचा नियम होता, आणि ती मोडणाऱ्यातली नाही.

या गावात माझी एक पत आहे. मी एखादा आकडा चूक म्हटलं की तो चूक, असं लोक धरून चालतात. मी उभी राहिले.

"मला विचारा," मी म्हणाले. "मी एल्स्पेथ पेट्री. साखरेवरचं वर्तुळ माझं आहे. दोन रेघा ओढलेलं."

खोलीत कुजबुज झाली. टॉरन्सनी विचारलं, भिडेपोटी केलंत?

"मला ओळखणाऱ्या कोणालाही विचारा, मी भिडेपोटी आजवर काही केलंय का." मागून ड्युगल खाकरला. "मला चूक दिसली. शंभर टक्के दिसली."

"आणि आता? आता तर तुम्हाला ठाऊक आहे, की तो आकडा बरोबर आहे."

"मी तो स्वतः मांडून पाहिलाय. एकदा नाही, अनेकदा. बरोबर आहे." मला तिथेच थांबता आलं असतं. पण समोर पोर उभी होती, आणि खोटं बोलून तिचा उपयोग नव्हता. "तरी खरं सांगू का? आत्ता इथे उभी असतानाही मला वाटतंय, की इतकी साखर कोणी ठेवत नाही."

लोक हसले. मी बसले, माझे कान तापले होते. तेवढ्यात पुढच्या रांगेतून बंदरावरच्या ऑफिसातल्या म्हाताऱ्याने सावकाश हात वर केला आणि म्हणाला, माझ्या बरण्यांचंही तसंच आहे. मग खिडकीपाशी एक हात वर आला, तो म्हणाला, वाहतूक. त्याच्या पलीकडची बाई म्हणाली, खोकी, काहीही म्हणा, खोक्यांत काहीतरी गडबड आहे. आणि मग खोलीभर हात वर होऊ लागले, हसता हसता, ओशाळत, पण खाली कोणी घेईना. गेडी सरांचाही हात वर होता.

टॉरन्स त्या हातांकडे बघत राहिले. शेजारचे विभागप्रमुख पुन्हा कानाशी लागायला गेले, तर त्यांनी तळहाताने त्यांना थांबवलं. मॉर्व्हनला म्हणाले, "हे आजच्या प्रबंधात धरता येणार नाही. हा तुझा पुढचा प्रयोग. तो मानसशास्त्राच्या इमारतीत करायचा, आणि त्यासाठी लागणाऱ्या पदवीच्या कागदावर मी आज सही करतोय."

टाळ्या वाजल्या, केर्ड मॅडमनी खरोखरच उडी मारली. मॉर्व्हनने ते ऐकलं की नाही कोण जाणे. ती हाताला लागलेल्या कुठल्याशा कागदाच्या पाठीवर भराभर लिहून घेत होती, आणि मध्येच मान वर करून ओरडली, "हात खाली घेऊ नका. कोणाचं काय, ते नीट सांगा."

मी पुन्हा हात वर केला आणि म्हणाले, साखर.